डोंगरातल्या मुंग्या

बोर्निओ बेटावर किनाबालू नावाचा ४,०९५ मीटर उंच पर्वत आहे. त्याच्या पायथ्याच्या जंगलात पालापाचोळा जरा उकरला, तरी मुंग्यांच्या कितीतरी जाती सापडतात. चढत जावं तशा त्या झपाट्याने कमी होतात. दोन-अडीच हजार मीटरनंतर तर मुंगी क्वचितच भेटते. अळ्या वाढायला ऊब लागते. वर मात्र सतत धुकं आणि गार, ओली माती.

आपला सह्याद्री त्या मानाने बुटका, म्हणून मुंग्यांना सोयीचा. इथे ओंबील मुंग्या अळ्यांच्या रेशमाने पानं जोडून घरटं करतात. काही मुंग्या फांदीवर गोल, खवल्याखवल्यांचं घरटं बांधतात आणि तांबूस सुतार पक्षी नेमकं तेच पोखरून आपली अंडी घालतो!

पण सर्वांत विलक्षण वाटते ती उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नाथोस सॉल्टेटर. निसर्गअभ्यासक जेर्डन यांनी १८५१ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. मोठे डोळे, लांब जबडे; ती एकेकटीच शिकारीला निघते. हिच्या वारुळातली राणी मेली की कामकरी माद्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात, कित्येक दिवस. जिंकणाऱ्या माद्या अंडी घालू लागतात. त्यांचं आयुष्य वाढतं आणि मेंदू सुमारे पाव हिश्शाने आक्रसतो. प्रयोगशाळेत अशा माद्यांना पुन्हा कामकरी व्हायला भाग पाडलं, तेव्हा मेंदू परत पूर्वीइतका वाढला. प्रौढ कीटकात असं घडतं, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजलं.