परधर्माचे अध्ययन आणि स्वधर्माची निष्ठा
(मठाच्या वर्धापनदिनी सुरत येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी शिरोधार्य मानतो. आपल्या मठात आठवड्यातून एकदा इतर धर्मांच्या अभ्यासाचा वर्ग भरवावा, अशी सूचना काही तरुण भक्तांनी केली आहे. त्यावर वडीलधाऱ्या मंडळींनी जी शंका काढली, ती उपेक्षणीय नाही. परधर्म भयावह असे गीता सांगते. मग मठानेच मुलांना त्या वाटेला का लावावे? या शंकेचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा घडलेल्या इतिहासाने द्यावे, असे मला वाटते.

हा इतिहास याच शहरात सुरू होतो. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेस शिक्षक होते. येथील दुर्गाराम मेहताजी आणि अन्य स्नेही यांच्यासह 1844 साली त्यांनी मानवधर्मसभा चालविली. ईश्वर एक आणि मनुष्यमात्राचा धर्म एक, हा तिचा विचार होता. ती सभा फार वर्षे टिकली नाही. परंतु विचार टिकला. दादोबा मुंबईस गेल्यावर परमहंस सभा निघाली आणि पुढे 1867 मध्ये त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला.

या प्रार्थना समाजाचेच एक प्रचारक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. त्यांचा जन्म 1873 सालचा, जमखंडीचा. वडील रामजीबुवा पंढरीचे वारकरी. म्हणजे भजन-कीर्तनाचा संस्कार घरातलाच. असा हा वारकऱ्याचा मुलगा 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकण्यास गेला. शिष्यवृत्ती इंग्लंडातील युनिटेरियन मंडळींची होती, आणि श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचेही साह्य लाभले.

हे विद्यालय कसे होते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्याची स्थापना 1786 मध्ये मँचेस्टर येथे झाली. प्रस्थापित चर्चची मतकलमे मान्य केल्यावाचून ज्यांना इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची पदवी मिळणे दुरापास्त होते, अशा लोकांचे ते विद्यालय. ते निर्बंध पुढे सैल झाले आणि 1889 मध्ये विद्यालय ऑक्सफर्डला आले. ज्यांना दारातून परत फिरावे लागले होते, त्यांनी आपले दार मात्र बंद केले नाही. शिकणाऱ्याकडून वा शिकविणाऱ्याकडून कोणत्याही मताची कबुली घ्यावयाची नाही, हा तेथील दंडक होता. मुख्यत्वे पदवीधर आणि धर्मोपदेशक होऊ इच्छिणारे विद्यार्थी तेथे येत. आपल्या देशातील ब्राह्म समाजाचे तरुणही येत.

प्राचार्य डॉ. जेम्स ड्रमंड हे ख्रिस्ती शास्त्राचे गाढे पंडित. जे. एस्टलिन कार्पेंटर तुलनात्मक धर्मशास्त्र शिकवीत. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. परंतु र्‍हिस डेव्हिड्स यांच्यासह पाली दीघनिकायाचे संपादन करण्यात त्यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे वेचली. विचार करा, एका ख्रिस्ती गुरूजवळ बसून एक वारकरीपुत्र बुद्धाची वाणी समजून घेत आहे! त्यात कोणी कोणास बाटविले नाही. विद्यालयात प्रार्थनामंदिर होते. म्हणजे चिकित्सा आणि उपासना यांना एकाच आवारात जागा होती. जेथे केवळ चिकित्सा असते तेथे धर्म प्रेतासारखा फाडला जातो, आणि जेथे चिकित्सेस मज्जाव असतो तेथे तो मुका होतो. येथे दोन्ही संकटे टळली होती.

आता मूळ शंकेकडे वळू. दोन वर्षांच्या या सहवासाने शिंद्यांची निष्ठा ढळली काय? 1903 मध्ये आम्सटरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि ते मायदेशी परतले. ख्रिस्ती म्हणून नव्हे, प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. उत्तरायुष्यात भागवत धर्माच्या विकासाचे विवेचन त्यांनी केले. तुकोबांचा अभंग त्यांच्या ओठीं अखेरपर्यंत राहिला.

परंतु निष्ठा टिकली एवढ्याने विद्येचे सार्थक होत नाही. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. परळला शाळा निघाली, भगिनी जनाक्का त्या कामात आल्या. परक्याच्या देवघरात आदराने बसावयास शिकलेला मनुष्य स्वतःच्या समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांना कसा विसरेल? माझ्या मते धर्माध्ययनाची खरी परीक्षा हीच होय.

गीतेचे वचन आचरणाविषयी आहे. आपले कर्तव्य टाकून दुसऱ्याचे पत्करू नये, असा त्याचा आशय. दुसऱ्याचा धर्म जाणून घेऊ नये, असे भगवंतांनी कोठे म्हटले आहे? तरीही वडिलांच्या शंकेतील सार मी स्वीकारतो. ज्याला आपली ज्ञानेश्वरी ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या ग्रंथाची तुलना करू नये. म्हणून वर्ग भरवावा, पण तीन नियमांनी. प्रथम आपला ग्रंथ वाचावा. दुसऱ्या धर्माविषयी त्या धर्माच्या अनुयायाकडूनच ऐकावे. आणि ऐकताना खंडनाची घाई करू नये.

अशा वर्गाला सुरतेइतके योग्य स्थान दुसरे कोणते? येथे पारशी बंधूंच्या अग्यारी आहेत, जैनांची देरासरे आहेत, आणि दाऊदी बोहरा समाजाचे अल-जामिया-तुस-सैफिया हे विद्यापीठ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून येथे विद्यादान करीत आहे. आपण खान्देशातून, कोकणातून, देशावरून पोटासाठी येथे आलो आणि या शहराने आपणांस सामावून घेतले. शेजाऱ्याचे अन्न आपण खातो, त्याची भाषा बोलतो. त्याची प्रार्थना मात्र आपणांस कळत नाही, ही उणीव होय.

ती भरून काढण्याची बुद्धी गुरुमाउलींनी आपणां सर्वांस द्यावी, अशी त्यांच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.