आरोग्याच्या अनुदानाचा हिशेब ग्रामसभेत

(कोल्हापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावात पहाटे दूध संस्थेच्या दारात उभे राहावे. दूध मापले जाते, फॅट तपासली जाते आणि त्याची नोंद उत्पादकाच्या हाती पडते. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाची उभारणी अशा रोजच्या नोंदीवर झाली आहे. वाटीभर दुधाचाही हिशेब मागणारे आपण, गावाच्या आरोग्यासाठी आलेल्या पैशाचा हिशेब मात्र क्वचितच विचारतो. त्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

लहान रक्कम, मोठी जबाबदारी

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. दीड हजारापर्यंत वस्तीच्या गावास वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी देण्याचे त्यात ठरले, आणि तो खर्च करण्याचा अधिकार ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला मिळाला. दीड हजार वस्तीच्या गावात ही रक्कम माणशी सात रुपयेही होत नाही. एवढ्यात दवाखाना उभा राहणार नाही, हे उघड आहे. परंतु विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडणे, पाण्याची ओ. टी. चाचणी नियमित होणे, अडलेल्या बाळंतिणीला रात्री वाहन मिळणे, ही कामे होऊ शकतात.

ही कामे क्षुल्लक नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. २०१९ व २०२१ साली पंचगंगा आणि कृष्णेच्या महापुराने पाण्याचे उद्भव गढूळ केले. अशा वेळी वरून मदत येईपर्यंतचे पहिले दोन दिवस गावालाच निभावावे लागतात. त्या दिवसांसाठी हाताशी निधी असावा लागतो. मार्चअखेर घाईघाईने भिंती रंगविण्यात तो संपला असेल, तर पावसाळ्यात समितीचे हात रिकामेच राहतात. अबंधित याचा अर्थ बेहिशेबी नव्हे.

स्वयंसेवी संस्थांची बाजू

हाच न्याय संस्थांनाही लागू आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यामुळे शासकीय अनुदानाखेरीज आणखी एक दार उघडले. परंतु कोणत्याही दारात नोंदणीपत्र, लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता अडतो, आणि त्याची झळ कार्यालयाला नव्हे, तर वाडीवर जाणाऱ्या परिचारिकेला व तिची वाट पाहणाऱ्या मातेला लागते.

अनुदान आज आहे, उद्या नसेल. म्हणून ते संपल्यावर गावात काय उरणार, हा प्रश्न अर्ज लिहितानाच विचारावा. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम आरंभिले, तेव्हा त्यांनी गावातील सामान्य, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. पैसा येतो आणि जातो; गावातील बाईने मिळविलेले ज्ञान गावातच राहते.

तीन गोष्टी

म्हणून माझी तीन गोष्टींची विनंती आहे. पंचायत सदस्यांनी वर्षारंभीच समितीची बैठक घेऊन गावाच्या आरोग्याच्या तीन निकडी लिहून काढाव्यात. शिक्षकांनी जमाखर्च मोठ्या अक्षरांत फलकावर लिहिण्यास साहाय्य करावे; वरच्या वर्गातील मुलांना तो गणिताचा उत्तम पाठ होईल. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्राचा नमुना केवळ धाडू नये, एकदा समितीसोबत बसून तो भरून दाखवावा.

आणि हा जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. दुधाच्या नोंदीत चूक झाली तर आपण त्याच दिवशी बोलतो. आरोग्याच्या पैशाबाबतही तितक्याच सहजतेने बोलू लागलो, तर सात रुपयांचे मोल सातशे होईल.