विनिपेगच्या थंडींतील विजेची मोटार
(नभोवाणीवरील भाषण)

विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे आपण बहुधा तिचा वेग, तिची किंमत आणि ती एका दमांत किती किलोमीटर जाते, एवढ्याचीच चर्चा करतों. परंतु पूर्वीं घोडा बाळगणाऱ्याला घोड्याच्या चालीइतकीच त्याच्या तबेल्याची आणि दाणावैरणीचीहि काळजी वाहावी लागे. विजेच्या मोटारीचें तसेंच आहे. ती रात्रीं कोठें उभी राहते आणि तेथें तिला वीज मिळते कीं नाहीं, यावर तिची सारी उपयुक्तता अवलंबून असते. ज्याच्यापाशीं स्वतःचा तबेला नाहीं, त्याच्यासाठीं गांवानें काय सोय करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याकरितां मी कॅनडामधील विनिपेग हें शहर निवडलें आहे. कारण तेथील कडक थंडी या प्रश्नाच्या सर्व बाजू उघड्या करून दाखविते.

विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांच्या संगमावर, कॅनडाच्या मध्यभागींच्या सपाट मुलखांत हें शहर वसलें आहे. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें त्याची लोकवस्ती सुमारें साडेसात लक्ष आहे. म्हणजे आपल्या हिशेबानें तें मध्यमच शहर होय. जानेवारीचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १६ अंश सेल्सिअस असतें, आणि एखाद्या रात्रीं पारा शून्याखालीं ३० अंशांपर्यंतहि उतरतो. विजेची मात्र तेथें ददात नाहीं. प्रांताची जवळजवळ सर्व वीज पाण्यापासून निर्माण होते. उत्तरेकडे शेंकडों किलोमीटरांवर असलेल्या नेल्सन नदीवरील केंद्रांतून ती मोठमोठ्या तारांनीं दक्षिणेस आणली जाते. विजेच्या वाहनांचेंहि या नगरीला नावीन्य नाहीं. तेथील ट्राम १९५५ पर्यंत आणि तारांवरून वीज घेणाऱ्या ट्रॉली-बसगाड्या १९७० पर्यंत धांवत होत्या. तेव्हां अडचण वीज दूरवरून शहरांत आणण्याची नाहीं. अडचण आहे ती शेवटच्या दहा हातांची: भिंतीपासून उभ्या मोटारीपर्यंतची.

प्रथम थंडीचा विचार करूं. बॅटरी ही रासायनिक क्रियांवर चालणारी वस्तु आहे, आणि थंडींत त्या क्रिया मंदावतात. गोठणबिंदूखालीं असतांना लिथियमच्या बॅटरींत जोरानें वीज भरूं लागल्यास लिथियम धातूचा थर आंत सांचतो आणि बॅटरी कायमची बिघडण्याचा संभव असतो. म्हणून मोटारींतील नियंत्रक यंत्रणा आधीं बॅटरीला ऊब देते आणि ती ऊबदार होईपर्यंत वीज बेताबेतानेंच आंत घेते. शिवाय, पेट्रोलच्या मोटारींत एंजिनाची वायां जाणारी उष्णता आंत बसलेल्यांच्या उपयोगीं पडते. विजेच्या मोटारींत ती ऊबहि बॅटरींतूनच काढावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्यें कॅनेडियन ऑटोमोबाइल असोसिएशननें ऑटावाहून माँ-ट्राँब्लांच्या रस्त्यावर अनेक मोटारींची हिंवाळी परीक्षा घेतली. उष्णतामान शून्याखालीं ७ ते १५ अंश होतें, आणि मोटारींचा पल्ला शेंकडा १४ पासून ३९ पर्यंत घटलेला आढळला. विनिपेगची थंडी याहूनहि कडक असते.

आतां वीज भरण्याचे प्रकार पाहूं. ते मुख्यतः तीन आहेत. पहिला म्हणजे १२० व्होल्टचा साधा घरगुती प्लग. त्यांतून तासाला सुमारें दीड युनिट वीज मिळते. दुसरा २४० व्होल्टचा. त्यांतून तासाला सुमारें सात युनिट मिळतात. तिसरा जलद प्रकार. तो बॅटरीला थेट एकदिश प्रवाह देतो, आणि त्याची शक्ति ५० किलोवॅटपासून तीनशें किलोवॅटांच्याहि वर जाते. सौम्य हवेंत मध्यम आकाराच्या मोटारीला शंभर किलोमीटरांस अठरा-वीस युनिट लागतात. म्हणजे साध्या प्लगलाहि रात्रींचे दहा तास दिले, तर सुमारें सत्तर किलोमीटरांची बेगमी होते. थंडींत ती बरीच कमी भरते. तरीपण शहरांतल्या शहरांत कामावर जाऊन येणाऱ्याचें बहुधा तेवढ्यांत भागतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. रस्त्यावरील जलद चार्जिंगचे खांब हे पाणपोईसारखे आहेत. वाटसरूला त्यांचें महत्त्व फार. पेट्रो-कॅनडा या कंपनीनें २०१९ सालीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत महामार्गावर असे जलद खांब उभे केले. विनिपेग त्याच मार्गावर आहे. परंतु घरचें रोजचें पाणी कोणी पाणपोईवरून भरत नाहीं. ज्याचें स्वतःचें घर आणि गॅरेज आहे, तो रात्रीं प्लग लावून निजतो आणि सकाळीं भरलेली मोटार घेऊन निघतो. जो इमारतींतील भाडेकरू आहे, ज्याची मोटार उघड्या आवारांत किंवा रस्त्याच्या कडेला उभी असते, त्याला मात्र थंडींत दूरच्या खांबापाशीं जाऊन ताटकळत बसावें लागतें. आणि तेथील दर घरगुती दराहून बराच चढा असतो. वीज एकाच नदीची. पण घरमालकाला ती स्वस्त आणि भाडेकरूला महाग! सार्वजनिक चार्जिंगचा खरा प्रश्न हा आहे.

याच्या जोडीला मापाचाहि एक प्रश्न होता. २०२३ पर्यंत कॅनडांतील सार्वजनिक खांबांवर युनिटांप्रमाणें आकार घेतां येत नसे. विजेच्या मापांसंबंधींच्या कायद्याला मान्य होतील अशीं मोजमापाचीं साधनें या खांबांत नव्हतीं, म्हणून मिनिटांवर पैसे घेण्याची रीत पडली होती. याचा परिणाम काय होई, तो पाहा. थंडीनें गारठलेली बॅटरी हळूहळू वीज घेणार आणि घड्याळ मात्र आपल्याच गतीनें चालणार! दुधाचे पैसे शेरावर न घेतां चरवी भरण्यास लागलेल्या वेळावर घ्यावे, तसाच हा प्रकार. २०२३ सालीं मेझरमेंट कॅनडा या सरकारी खात्यानें कांहीं अटींवर युनिटांप्रमाणें विक्रीची मुभा दिली. हा बदल दिसण्यांत लहान, पण न्यायाच्या दृष्टीनें मोठा होय.

आतां विनिपेगच्या एका जुन्या सोयीकडे वळूं. तेथील कचेऱ्यांच्या आणि भाड्याच्या इमारतींच्या आवारांत मोटारींच्या जागांपुढें ठेंगणे खांब असतात आणि त्यांवर साधे विजेचे सॉकेट असतात. ते विजेच्या मोटारींसाठीं मुळींच लावलेले नाहींत. कडक थंडींत पेट्रोलच्या एंजिनांतील तेल घट्ट होतें आणि एंजिन सुरू होईना होतें; म्हणून एंजिनाला बसविलेली लहानशी विजेची शेगडी रात्रभर त्या सॉकेटला जोडून ठेवतात. सरहद्दीपलीकडील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांनीं अशा एका शेगडीचें पेटंट १९४९ सालीं मिळविलें. पुढें ही सोय त्या सर्व थंड मुलखांत इतकी रुळली कीं, तिच्यांत कांहीं विशेष आहे असें कोणालाच वाटेना. उभ्या मोटारीपर्यंत वीज पोंचविण्याचा तो शेवटच्या दहा हातांचा प्रश्न एका पिढीनें असा गाजावाजा न करतां सोडविला होता.

मग त्याच सॉकेटांवर विजेच्या मोटारी कां भरूं नयेत? येथें घाईनें उत्तर देऊन चालणार नाहीं. शेगडीला वीज थोडी लागते, आणि ती थांबून थांबून दिली तरी चालते. म्हणून पुष्कळ ठिकाणीं काटकसरीसाठीं हे सॉकेट घड्याळाच्या किंवा उष्णतामापकाच्या योगानें आळीपाळीनें चालू-बंद होतात. मोटार भरावयाची तर प्रवाह तासन् तास अखंड हवा. पन्नास मोटारींनीं तो एकदम मागितल्यास जुन्या तारा तापतील. शिवाय, या सॉकेटांना बहुधा वेगळें मीटर नसतें. तेव्हां एकाच्या मोटारीचा खर्च साऱ्यांच्या भाड्यांत चढेल, अशी शेजाऱ्यांची तक्रार राहील, आणि ती वावगीहि म्हणतां येणार नाहीं. म्हणून जाड तारा, प्रत्येक जागेला मीटर आणि उपलब्ध वीज मोटारींत वांटून देणारी यंत्रणा, या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. त्यांना खर्च येतो. परंतु इमारत बांधतांना तो केल्यास थोडका येतो, आणि मागाहून फरसबंदी उखडून केल्यास फार मोठा येतो.

कॅनडांतील इतर शहरांनीं या दिशेनें पावलें टाकलीं आहेत. व्हँकूव्हरनें २०१९ पासून नव्या निवासी इमारतींत रहिवाशांच्या प्रत्येक मोटारीच्या जागेपर्यंत चार्जिंगची वीज आणून ठेवणें सक्तीचें केलें. मॉन्ट्रियलमध्यें जुन्या वस्तींतील पुष्कळ लोकांना गॅरेज नाहीं, हें ओळखून रस्त्यांच्या कडेलाच २४० व्होल्टचे खांब बसविण्यांत आले. एका ठिकाणीं कायद्याचा मार्ग, दुसऱ्या ठिकाणीं रस्त्याचा. पण धोरण एकच: मोटारीला विजेकडे नेण्याऐवजीं वीज मोटारीकडे न्यावयाची.

श्रोतेहो, जलद चार्जिंगचे मोठे खांब डोळ्यांत भरतात आणि त्यांचीं उद्घाटनेंहि थाटानें होतात. आवारांतल्या साध्या सॉकेटचें उद्घाटन कोणी करीत नाहीं. परंतु नगरीनें आपल्या नागरिकांची सोय कितपत केली, हें पाहावयाचें असेल, तर ज्याला गॅरेज नाहीं त्याची मोटार हिंवाळ्याच्या रात्रीं कोठें उभी आहे आणि तिच्याजवळ वीज आहे कीं नाहीं, तें पाहावें. मुंबई-पुण्याच्या बहुमजली गृहसंस्थांत राहणाऱ्यांनाहि हा प्रश्न परका नाहीं. आपल्याकडे तशी थंडी नाहीं. पण मोटारीच्या जागेपर्यंत तार कोणी न्यावी, मीटर कोणाच्या नांवावर असावें आणि खर्च कोणी सोसावा, याचा वाद तोच आहे. तो वेळींच आणि समजुतीनें मिटविणें यांतच शहाणपण आहे.