पायी चालणाऱ्याचा रस्ता



पुण्याचा जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात बांधला गेला, तेव्हा कंत्राटदाराने १० वर्षांची हमी दिली होती. ती मुदत उलटल्यावरही रस्ता अभंग राहिला, ही कथा पुणेकर आजही अभिमानाने सांगतात. मात्र हे सारे कौतुक वाहनांच्या रस्त्याचे आहे. त्याच रस्त्याने बालगंधर्व रंगमंदिराकडे वा संभाजी उद्यानाकडे पायी जाणाऱ्याचा विचार होण्यास बराच काळ जावा लागला. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि त्याच सुमारास या रस्त्याची पुनर्रचना सुरू झाली.

पदपथ रुंद केले की वाहतूक खोळंबते, अशी शंका अशा वेळी हमखास घेतली जाते. ती तपासून पाहावी. रस्त्यावरून किती वाहने जातील, हे त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. कुठे तीन, तर कुठे दोनच गाड्या मावतील असा रस्ता असला, की तिसरी गाडी पुढे घुसते आणि अरुंद ठिकाणी साऱ्यांनाच अडवते. रुंद ठिकाणचा जादा तुकडा वाटेल तशा उभ्या केलेल्या वाहनांनीच व्यापलेला असतो. म्हणून मार्गिकांची रुंदी सर्वत्र समान ठेवावी आणि उरलेली जागा पदपथास व आखीव वाहनतळास द्यावी. यात पादचाऱ्याचे रक्षण होते आणि वाहतूकही सुरळीत राहते.

रस्ता ओलांडण्याचेही एक गणित आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणसाची चाल साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटरचा रस्ता ओलांडण्यास त्या हिशेबाने १२ सेकंद पुरतात. परंतु सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना साडेसतरा सेकंद लागतात. उरलेले साडेपाच सेकंद त्या वाहनचालकांच्या दयेवर असतात. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहण्यापुरता सुरक्षित ओटा असला, तर हेच अंतर त्या दोन टप्प्यांत निर्धास्तपणे पार करू शकतात.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी अपघातांत मृत्युमुखी पडले. म्हणजे दररोज सुमारे ९० घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

परंतु न्यायालय आदेश देऊ शकते, महापालिका पदपथ बांधू शकते. त्यावर आपली दुचाकी न चढवण्याचा संयम मात्र नागरिकालाच दाखवावा लागतो. देशभक्तीची मोठी व्रते घेणाऱ्यांनी हे लहान व्रतही घ्यावे. वाहन आखलेल्या जागीच लावावे, झेब्रा पट्ट्यांमागे थांबावे आणि ओलांडणाऱ्या वृद्धाला आधी जाऊ द्यावे. त्याची सुरुवात प्रत्येकाने आपल्या घरापासून, उद्या सकाळी गाडी बाहेर काढताना करावी.