राणी गात का नाही?

वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा पडद्यावर आला. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट सर्वांना तोंडपाठ; मग लहानपणी राहून गेलेला हा चित्रपट मोठेपणी मुद्दाम का पाहावा? माझ्या मते, त्यातल्या गाण्यांसाठी. ही गाणी म्हणजे कथेला लावलेली झालर, असा समज आहे. पण ग्रिम बंधूंची १८१२ साली छापलेली कथा शेजारी ठेवा. तिथे राणी हिमगौरीवर तीनदा घाला घालते: आधी चोळीच्या नाडीने, मग विषारी फणीने, शेवटी सफरचंदाने. चित्रपटाने पहिले दोन्ही प्रसंग गाळले. उलट कथेतल्या बिननावाच्या बुटक्यांना नावे दिली, स्वभाव दिले. म्हणजे घटना कमी केल्या आणि सुमारे ८३ मिनिटांतला मोठा हिस्सा गाण्यांना आणि बुटक्यांना दिला.

त्या काळी कार्टून म्हणजे सात-आठ मिनिटांची गंमत. कागदावर रेखाटलेल्या मुलीसाठी प्रेक्षकाचा जीव तासभर टांगणीला लावायचा, हे नवे आव्हान होते. फ्रँक चर्चिल यांच्या चाली आणि लॅरी मोरी यांचे शब्द इथे कामाला आले. विहिरीपाशी हिमगौरी गाते आणि तो सूर ऐकून राजपुत्र येतो. घर आवरताना जंगलातली पाखरे-जनावरे तिच्या तालात काम करतात. बुटक्यांपैकी डोपी एक शब्द बोलत नाही, पण नाचात सर्वांच्या पुढे. सदा कुरकुरणारा ग्रंपीही रात्रीच्या मैफलीत ऑर्गनवर बसतो. राणीला मात्र एकही गाणे नाही. आरशाशी ती यमकात बोलते, पण गात नाही. कोण इतरांत मिसळू शकतो आणि कोण नाही, हे चित्रपट उपदेशाविना, केवळ सुरांच्या वाटपातून सांगतो. गोष्ट आधीच ठाऊक असलेल्या प्रौढ प्रेक्षकाला पुढे काय होणार याची चिंता नसते, म्हणून ही मांडणी त्याच्या नजरेत भरते.

यावर रास्त आक्षेप असा की, हिमगौरी झाडते, रांधते आणि राजपुत्राची वाट पाहते. अशा नायिकेचे आज कौतुक कसले? जुन्या कथेकडे बोट दाखवून या आक्षेपातून सुटता येणार नाही. ग्रिमांच्या कथेच्या पुढच्या आवृत्त्यांत शवपेटी वाहणारे ठेचकाळतात, त्या हिसक्याने घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती जागी होते. चुंबनाने जाग आणली ती चित्रपटाने. तेव्हा वाट पाहण्याला गाण्यांतून इतके गोड रूप देण्याची जबाबदारी त्याचीच. पण या आक्षेपाने माझा मुद्दा बळकटच होतो. गाणी निव्वळ झालर असती, तर त्यांतला विचार पिढ्यान्‌पिढ्या मनात घर करून राहिला नसता. मूल त्या सुराबरोबर त्यातला विचारही नकळत स्वीकारते. मोठेपणी प्रथमच पाहणारा सुराला दाद देऊन विचाराशी भांडू शकतो, आणि अभिजात कलाकृतीला असाच प्रेक्षक हवा.