पुन्हा उपयोगी पडणारा पाठ

फळ्यावर काढलेली आकृति तास संपतांच पुसली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या तुकडीसमोर शिक्षकाला ती पुन्हा काढावी लागते. हे श्रम वायां जातात असें मात्र म्हणतां येत नाहीं. पहिल्या तुकडींत मुलें जेथें अडखळलीं, तेथें या खेपेस खडू आपोआप सावकाश चालतो. संगणकावर केलेल्या पाठाची गोष्ट याच्या उलट आहे. तो पुसला जात नाहीं आणि क्षणांत हजारों वर्गांत पोंचतो. पण सांगलीस तयार झालेला पाठ गोंदियाच्या वर्गांतही तसाच्या तसाच राहतो.

नदीच्या कार्यावरील पाठ उदाहरणादाखल घ्यावा. त्यांत कृष्णेचा घाट, कृष्णेचा पूर, कांठची काळी जमीन असली, कीं सांगलीच्या मुलाला तो आपल्या घरचा वाटतो. वैनगंगेकांठच्या मुलाला यांतलें कांहींच ओळखीचें नसतें. बरें, सर्व स्थानिक खुणा काढून टाकाव्या, तर तो पाठ कोठेंही चालेल आणि कोणालाच रुचणार नाहीं. अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ डेव्हिड वायली यांनीं या पेचाला पुनर्वापराचा विरोधाभास असें म्हटलें आहे. त्यांच्या आधीं, १९९४ सालीं, वेन हॉजिन्स यांनीं 'लर्निंग ऑब्जेक्ट' ही कल्पना पुढें आणली, तेव्हां मुलांच्या खेळांतील लेगोचे ठोकळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कोणताही ठोकळा कोणत्याही ठोकळ्यावर बसतो, तसे पाठाचे तुकडे जोडावे! दृष्टान्त मोठा मोहक आहे. परंतु वायली यांनीं त्याऐवजीं अणूचा दृष्टान्त सुचविला. वाटेल तो अणु वाटेल त्या अणूशीं जुळत नाहीं, आणि जोडणाऱ्यालाही थोडें रसायन ठाऊक असावें लागतें.

तेव्हां एकच पाठ सर्वांना लागू पडावा हा हट्ट सोडून, तो दुसऱ्याला सहज बदलतां यावा असा रचणें हेंच अधिक शहाणपणाचें. त्यासाठीं चित्र, आवाज आणि मजकूर हीं एकमेकांत विरघळून जातां कामा नयेत. नदीच्या चित्रावरच नांवें कोरून टाकलीं, त्यावर आवाज चढविला आणि सर्वांची मिळून एकच चित्रफीत प्रसिद्ध केली, कीं पुढच्या शिक्षकाच्या हातीं तयार मिठाई येते. पीठ, साखर, तूप कांहींच येत नाहीं.

मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. लिनक्स, सायलॅब, लिबरऑफिस यांसारखीं खुलीं संगणक-साधनें त्यांत सुमारें दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकविलीं जातात. पडद्यावरील प्रत्येक हालचाल दिसत असते, आवाज ती समजावीत असतो, आणि शिकणारा शेजारच्या चौकटींत तीच कृति स्वतः करीत जातो. पाठाची संहिता आधीं लिहिली जाते, आणि एखाद्या नवख्याकडून ती पडताळून पाहिल्यावरच ध्वनिमुद्रण होतें. पुढें भाषांतरासाठीं दोन रकान्यांचा तक्ता असतो; एका रकान्यांत वेळ, दुसऱ्यांत त्या वेळीं बोलावयाचें वाक्य. चित्र तेंच राहतें, आवाज तेवढा बदलतो, आणि त्याच पाठाचा मराठी, तमिळ किंवा आसामी पाठ होतो. युक्ति साधी दिसते, परंतु तिला शिस्त फार लागते. मराठी वाक्य लांबलें कीं पडद्यावरचा बाण पुढें निघून जातो. म्हणून अनुवादकाला शब्दाला शब्द लावीत बसतां येत नाहीं, थोडक्यांत आणि बोलल्यासारखें लिहावें लागतें. हा नियम पुष्कळ छापील पाठ्यपुस्तकांनाही मानवला असता! अर्थात् संगणकाचा पडदा पुण्यांत आणि गुवाहाटींत सारखाच असतो, म्हणून येथें नुसता आवाज बदलून भागतें. नदीच्या पाठांत चित्रही बदलावें लागेल.

कोलोरॅडो विद्यापीठांत नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं सुरू केलेल्या 'फेट' या उपक्रमांतही हेंच धोरण दिसतें. घट, तारा आणि दिवा जोडून विद्युत्प्रवाह पाहण्याचा प्रयोग मूल पडद्यावरच करतें. त्यांतील शब्दांची यादी मात्र वेगळी ठेवलेली असते. ती आपल्या भाषेंत भरून दिली कीं काम झालें. प्रयोगाच्या यंत्रणेला हात लावावा लागत नाहीं.

रचना कितीही मोकळी असली, तरी परवानगीवांचून ती व्यर्थ होय. पाठावर कांहींच लिहिलेलें नसेल, तर तो सर्वांचा आहे अशी पुष्कळांची समजूत असते; वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. १९५७ च्या भारतीय कायद्याप्रमाणें नोंदणी न करतांही कर्त्याचा हक्क कायम असतो. वर्गांत शिकविण्यापुरती सवलत आहे, परंतु बदललेला पाठ सर्वांसाठीं पुन्हा प्रसिद्ध करण्यास ती पुरत नाहीं. म्हणून २००२ च्या डिसेंबरांत निघालेले क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने उपयोगी पडतात. मात्र त्यांतील एक प्रकार पाठ वाटण्यास मुभा देतो आणि फेरफार केलेली प्रत प्रसिद्ध करण्यास मनाई करतो. मोठ्या उदार मनानें तोच परवाना निवडणारे कर्ते आपल्याच पाठाचें दार बाहेरून बंद करून घेतात.

मराठीचें दुखणें आणखी निराळें आहे. युनिकोडमध्यें देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें. तरीही त्यानंतर कित्येक वर्षें मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या खास फॉन्टमध्यें टंकलिखित होत राहिला. असा पाठ छापला तर सुरेख दिसतो. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला कीं 'नदी'च्या जागीं इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उभी राहते. शोधूं जावें तर शब्द सांपडत नाहीं. अंध विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखविणारें साधन तीच निरर्थक रांग उच्चारीत बसतें. त्याच्यापुरता तो पाठ लिहिलाच गेलेला नसतो. रूपांतर करणारीं साधनें आहेत, आणि तीं पुष्कळसें काम करतातही. परंतु जोडाक्षरें आणि रफार यांच्याशीं तीं कित्येकदां चुकतात, आणि मग कोणा तरी शिक्षकाला मूळ छापील प्रत शेजारीं घेऊन ओळीमागून ओळ तपासावी लागते.