नद्यांतले उपरे मासे

1869 साली सुएझचा कालवा खुला झाला तो जहाजांसाठी. परंतु त्या वाटेने तांबड्या समुद्रातील शंभरावर जातींचे मासेही भूमध्य समुद्रात शिरले. तिकडच्या कोळ्यांच्या जाळ्यांत आता विषारी केंड सापडतात.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्याला समुद्र नाही. तरीही हे नाटक आपल्या दाराशीच चालले आहे. निपाणीच्या किंवा संकेश्वरच्या बाजारात मासळीच्या पाटीपाशी क्षणभर थांबा. चिलापी हमखास दिसेल. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. 1952 साली तो भारतात आणला गेला. हेतू चांगलाच होता. गरिबाला स्वस्त मासळी मिळावी, आणि हा मासा तर शेवाळ खाऊन गढूळ पाण्यातही वाढतो! अवघ्या सात वर्षांत, 1959 साली, त्याच्या प्रसारास बंदी घालण्याची वेळ आली. तोवर तो पाण्यात सुटलेला होता, आणि पाण्यात सुटलेला मासा सरकारी हुकुमाने परतत नाही.

त्याचे बळ त्याच्या संसारात आहे. मादी फलित अंडी तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. पिले पोहू लागली तरी संकट दिसताच पुन्हा आईच्या मुखात शिरतात. आपले कित्येक मासे पुराच्या पाण्यात हजारो अंडी टाकून निघून जातात. त्यांतली जगतील ती जगतील. शिवाय चिलापी काही महिन्यांतच वयात येते आणि संथ पाण्यात वर्षातून अनेकदा विते. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी यांवर आपण कोल्हापुरी बंधारे बांधले, ते उसासाठी. अडलेले ते पाणी चिलापीला आयतेच लाभले. वाहत्या पाण्याच्या आणि खडकाळ तळाच्या खडस माशाला मात्र ते परके झाले. या खडसाला 1839 साली कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून शास्त्रीय नाव दिले होते. अर्थात त्याच्या ऱ्हासाचा सारा दोष चिलापीच्या माथी मारणे न्यायाचे नाही; वाळूचा उपसा आणि मळीचे पाणी हेही त्यात भागीदार आहेत. आणि खरे सांगायचे तर ज्यांना आपण घरचे मानतो ते रोहू, कटला, मृगळही गंगेकडचेच पाहुणे!

हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा पुढे गोकाकला सुमारे 52 मीटर खाली कोसळते. तो कडा चढून खालचा मासा वर येऊ शकत नाही. निसर्गाचे हे कुलूप माणसाने मत्स्यबीजाच्या पिशवीने उघडले. वर महाराष्ट्र, खाली कर्नाटक. एका राज्यात सोडलेले बीज दुसऱ्याच्या जाळ्यात येते.

त्याच हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीला, महादेवाच्या मंदिराजवळ बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा राहतो. 2020 साली शास्त्रज्ञांनी त्याला नदीचेच नाव दिले, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढल्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने तेथील 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. तेथे दर्शनाला आपल्याकडचीही मंडळी जातात. घरच्या काचेच्या पेटीतला, नकोसा झालेला मासा कुणी पुण्य म्हणून त्या कुंडात सोडला, तर त्याला अडवायला तेथे गोकाकचा कडा नाही.